मापात पीळ घातलेला पंख

रेडिओवर उडणाऱ्या मॉडेल विमानांत ट्रेनर नावाची एक जात असते. पंख धडाच्या वर, खालून जवळजवळ सपाट, आणि दोन्ही बाजूंना टोकाकडे किंचित उचललेला. पुढे एक आणि मागे दोन अशी तीन चाकं. दिसायला अगदी साधं. पण हे विमान हवेत वेडंवाकडं झालं आणि शिकणाऱ्यानं घाबरून रिमोटच्या दोन्ही स्टिक सोडून दिल्या, तर पुरेशी उंची असताना बहुतेक वेळा ते आपणहून सरळ होतं. जुन्या पद्धतीच्या ट्रेनरमध्ये यासाठी तोल राखणारा जायरो सेन्सर नसतो, की कुठली चिप नसते. पंखाचा कोन, वजनाचा मध्य आणि शेपटीचं अंतर एवढ्यावर हे सगळं चालतं, आणि या तिन्ही गोष्टी बांधणारा माणूस घरातल्या टेबलावर ठरवतो. बाल्साचं किट बांधायला घेतलं तेव्हा मला ओढ होती ती याचीच. विमानाचा स्वभाव आपल्या हातांनी कसा घडतो, ते बघायचं होतं.

आता फोमची तयार विमानं मिळतात. संध्याकाळी खोकं उघडावं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माळावर जावं. उडवायला शिकण्यापुरती ती चांगलीच आहेत, मी कुणालाही घ्यायला सांगेन. पण ती सरळ का उडतात हे त्यांच्यात दिसत नाही. सगळं आतल्या आत, साच्यात झालेलं असतं. बाल्साच्या किटमध्ये प्रत्येक कारण हाताखालून जातं.

खोकं उघडलं तेव्हा बाबा शेजारी होते. माझ्या वडिलांची सगळी नोकरी कोल्हापूरच्या फाउंड्रीत पॅटर्नमेकर म्हणून झाली. ऑइल इंजिनचं फ्लायव्हील असो की पंपाचं केसिंग, बिडात जे ओतायचं त्याचा आधी लाकडी पॅटर्न करायचा आणि तो वाळूत दाबून साचा घ्यायचा. बीड थंड होताना साधारण एक टक्का आकसतं, म्हणून पॅटर्नवाल्याची मोजपट्टीच तेवढी मोठी आखलेली असते, तिला श्रिंकेज स्केल म्हणतात. सागवान आणि शिवण या लाकडांत मुरलेला हात. त्या हातानं बाल्साची पहिली शीट उचलली आणि तो नको तेवढा वर गेला. वजनाच्या तयारीनं उचलली होती आणि वजनच नव्हतं.

“लाकूडच हाय न्हवं हे?” त्यांनी विचारलं. मग कडेला नख दाबलं. नखाची खूण तशीच राहिली. शीट नाकाशी नेऊन वास घेतला, उजेडाकडे धरून रेषा बघितल्या, आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

बाल्सा हे मध्य आणि दक्षिण अमेरिकेतलं झाड. जगातला बहुतेक व्यापारी माल इक्वेडोरमधून येतो. झाड फार झपाट्यानं वाढतं आणि सहा-सात वर्षांत तोडणीला येतं. वाढताना पेशींत पाणीच पाणी असतं. भट्टीत वाळवून ते काढलं की मागे पातळ भिंतींच्या पोकळ पेशी उरतात. आपली काटेसावर याच कुळातली, हे मी बाबांना सांगितलं तेव्हा त्यांना ते लगेच पटलं. सावरीचं लाकूडही हलकं आणि मऊ, काड्यापेटीच्या काड्यांना नि खोक्यांना वापरतात. “पर सावर ह्येच्यापुढं दगूड म्हणायची,” असं म्हणून त्यांनी दुसरी शीट उचलली.

दुसऱ्या शीटला त्यांचा हात थांबला. मापं तीच होती: 3 मिलिमीटर जाड, 10 सेंटिमीटर रुंद, 91 सेंटिमीटर लांब. वजन मात्र वेगळं लागत होतं. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा आणला. पहिली शीट 28 ग्रॅम भरली, दुसरी 51.

बाल्साची खरी ओळख इथून सुरू होते. सागवानाचा घनमीटर साधारण 650 किलोचा, थोडं इकडेतिकडे. बाल्साचा मात्र 100 किलोचाही असतो आणि 200 किलोचाही. एकाच झाडाच्या गाभ्यापासून सालीपर्यंत घनता बदलत जाते. किटवाले मापाप्रमाणे लाकूड भरतात. कुठली शीट कुठे लावायची हे बांधणाऱ्यानं बघायचं. बाबांनी खोक्यातला प्रत्येक तुकडा तोलला आणि पेन्सिलीनं त्याच्यावर ग्रॅम लिहिले. जड आणि टणक माल एका बाजूला, हलका दुसऱ्या बाजूला. मग रेषा बघून पुन्हा वाटणी केली. ज्या शीटवर आडवे चकचकीत ठिपके दिसतात ती खोडाच्या गाभ्याकडून सालीच्या दिशेनं कापलेली असते. ती रुंदीत वाकत नाही, दाबली तर तडकते. ती रिबसाठी, म्हणजे पंखाला आकार देणाऱ्या आडव्या फळ्यांसाठी. ज्या शीटवर लांब सरळ रेषा असतात ती रुंदीत गोल वळते. ती पंखाच्या पुढच्या कडेवरून गुंडाळायला. मी हे वाचून आले होते. बाबांनी बोटांनी वाकवून काढलं आणि माझ्या आधी वाटणी संपवली.

सगळ्यात हलकं लाकूड कुठे जावं, यावर आमची थोडी चर्चा झाली. त्यांचं म्हणणं, पंखात, कारण पंख मोठा. मी शेपटीत म्हणत होते. विमान ज्या बिंदूवर तोलतं तिथून शेपूट साधारण 80 सेंटिमीटर मागे असते आणि नाक फार तर 27 पुढे. शेपटीत 10 ग्रॅम वाढले की तोल राखायला नाकात 30 ग्रॅम शिसं भरावं लागतं. म्हणजे एकूण 40 ग्रॅमचा भुर्दंड. तराजूच्या दांडीचा हा हिशेब त्यांना समजावून सांगावा लागला नाही. त्यांनी निमूटपणे 28 ग्रॅमची शीट शेपटीच्या ढिगात सरकवली.

वजनाचा एवढा ध्यास कशासाठी, असं वाटू शकतं. आमच्या विमानाचा पंख 1.6 मीटर लांब आणि 25 सेंटिमीटर रुंद, म्हणजे 0.4 चौरस मीटर. ठरवलेलं वजन 2.1 किलो. या हिशेबानं वेग ताशी 30-32 किलोमीटरवर आला की ते हवा सोडतं, म्हणजे पंखाला विमान पेलवेनासं होतं, आणि त्याच्या थोड्या वरच्या वेगानं ते उतरतं. त्यात 400 ग्रॅम वाढले तर उतरण्याचा वेग नऊ टक्क्यांनी वाढतो. नऊ टक्के ऐकायला किरकोळ. पण जमिनीला टेकताना जी ऊर्जा जिरवायची असते ती वजनाबरोबर आणि वेगाच्या वर्गाबरोबर वाढते, ती चाळीस टक्क्यांहून जास्त चढते. तेच विमान, तोच माळ, तोच नवशिका हात, आणि चाकाची तार वाकते, मोटर धरणारी पुढची भिंत, म्हणजे फायरवॉल, निखळते. हलकं विमान सावकाश येतं, विचार करायला वेळ देतं.

याच गुणासाठी हे लाकूड मोठमोठ्या कामांना लागलं आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या डी हॅविलँड मॉस्किटो या विमानाचं धड बर्चच्या प्लायच्या दोन थरांमध्ये बाल्सा घालून केलेलं होतं. 1947 साली थॉर हेयरडाल आणि त्याचे पाच साथीदार बाल्साच्या नऊ ओंडक्यांच्या तराफ्यावरून पेरूहून निघून 101 दिवसांनी पॉलिनेशियाला लागले. आज पवनचक्क्यांच्या पात्यांच्या गाभ्यात बाल्सा जातो, आणि 2020 च्या सुमाराला ती मागणी एवढी वाढली की मॉडेलवाल्यांना शीट महाग झाल्या, मिळेनाशाही झाल्या. आमच्या टेबलावरचा तुकडा स्वस्त का नाही, याचा धागा असा इक्वेडोरच्या रानापर्यंत जातो.

बांधकामासाठी टेबल हवं ते सपाट, आणि बाबांच्या लेखी सपाट या शब्दाचा अर्थ कडक आहे. डायनिंग टेबल त्यांनी पट्टी ठेवून एका नजरेत नापास केलं. दोन घोड्यांवर फ्लश डोअरचा पल्ला टाकला, पट्टी आडवी, उभी, तिरपी फिरवली, एका पायाखाली पत्र्याची चकती सारली. त्यावर टाचण्या टोचायला सॉफ्टबोर्ड, त्यावर नकाशा, नकाशाला गोंद चिकटू नये म्हणून पारदर्शक प्लॅस्टिक. कॅडेट या ट्रेनरच्या किटवर अमेरिकेत कितीतरी लोक बांधायला शिकले. आयोवा राज्यातल्या माँटेझुमा नावाच्या लहान गावातून ती किटं निघायची. आमचं किट त्याच ठेवणीचं. नकाशा खऱ्या मापाचा असतो, लाकूड थेट त्याच्यावर ठेवायचं. श्रिंकेज स्केलवर आयुष्य काढलेल्या माणसाला ही फार सुखाची गोष्ट वाटली.

पंखाचं काम मला सगळ्यात आवडलं, म्हणून त्याच्याबद्दल जरा सविस्तर लिहिते.

आधी खालचा स्पार टाचण्यांनी नकाशावर बसवायचा. स्पार म्हणजे पंखाचा लांब कणा, स्प्रूस लाकडाचा, चौकोनी काठीसारखा. त्याच्यावर एकेक रिब उभी करायची आणि प्रत्येक रिबला गुण्या लावून बघायचं. मग वरचा स्पार खाचांत बसतो. एवढ्यावर उचलून बघितलं तर पंख लवलवतो. दोन स्पारच्या मध्ये, प्रत्येक दोन रिबांच्या मधल्या जागेत, बाल्साची पातळ पट्टी उभी चिकटवत गेलो की तोच पंख एकदम कडक होतो. हिला शिअर वेब म्हणतात. हवेत पंख वर वाकायला बघतो तेव्हा वरचा स्पार दाबला जातो, खालचा ताणला जातो, आणि दोघांना एकमेकांवरून सरकू न देण्याचं काम ही पट्टी करते. तिच्या लाकडाची रेषा उभी असली पाहिजे. आडवी ठेवली तर पट्टी रेषेवरच फाटते. “आय-बीमच की ह्यो,” बाबा म्हणाले. वरची पट्टी, खालची पट्टी, मधला पडदा. त्यांनी असे कितीतरी पॅटर्न बिडासाठी केले होते. इथे तोच आकार काही ग्रॅममध्ये उभा होता.

आता स्वभावाची गोष्ट. पंखाची दोन्ही अंगं वेगवेगळी बांधून मध्ये जोडतात. जोडताना एक अंग टेबलावर सपाट ठेवून दुसऱ्याचं टोक 8 सेंटिमीटर उचललं, म्हणजे दोन्ही बाजूंना तीनेक अंशांची चढण आली. हे डायहेड्रल. वाऱ्याच्या झुळकेनं विमान डावीकडे कललं, तर ते डावीकडे थोडं घसरू लागतं. घसरताना समोरची हवा तिरकी येते, आणि या चढणीमुळे खाली गेलेल्या पंखाला ती जास्त कोनात भेटते. त्याची उचल वाढते आणि तो वर येतो. स्टिक सोडल्यावर विमान सरळ होतं ते यामुळे. तीन अंशांचा प्लायचा एक जोडतुकडा, अराल्डाइटनं चिकटवलेला, आणि आयुष्यभर विमान सावरत राहतं.

दुसरी गोष्ट डोळ्याला जवळजवळ दिसत नाही. पंखाच्या टोकांना मागची कड 5 मिलिमीटरनं वर उचलून बांधायची. 25 सेंटिमीटर रुंदीत हा एक अंशाहून थोडा जास्त पीळ झाला. वेग फार कमी झाला की पंख हवा सोडतो, पण या पिळामुळे तो आधी मधल्या भागात सोडतो आणि टोकं शेवटपर्यंत धरून राहतात. विमान कलतं करणाऱ्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या, म्हणजे एलेरॉन, टोकांकडे असल्यामुळे हातात ताबा राहतो, आणि विमान एका अंगावर कोसळण्याऐवजी नाक खाली घालून पुन्हा वेग घेतं. याला वॉशआउट म्हणतात.

पण हा पीळ दोन्हीकडे अगदी सारखा हवा. एका बाजूला पाच आणि दुसरीकडे दोन मिलिमीटर झाला, तर विमान कायम एका अंगाला ओढत राहील, आणि वेग कमी होताच एका अंगावर पडेल. बाबांच्या दृष्टीनं लाकडातला पीळ हा एरवी दोषच. पॅटर्नला पीळ असला की ओतीव मालही तसाच निघतो. इथे मुद्दाम पीळ घालायचा, तोही मापात, दोन्हीकडे आरशासारखा, हे ऐकून ते खुर्चीवरून पुढे सरकले.

त्यांनी पाच मिलिमीटरच्या दोन पाचरी केल्या. त्या एकाच तुकड्यातून चिरल्या, म्हणजे फरकाला जागाच नको. मागच्या कडेखाली त्या सारल्या, वरून वजनं ठेवली आणि पंखाच्या पुढच्या भागावर पातळ शीट चिकटवली. शीट चिकटेपर्यंत पंख पिळता येतो. चिकटली की तो बंद पेटीसारखा होतो आणि जसा धरला होता तसाच राहतो. गोंद पूर्ण वाळेपर्यंत त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही. नंतर सुतारांची जुनी युक्ती केली. पंखाच्या मुळाशी आणि टोकाशी एकेक सरळ पट्टी आडवी ठेवली, गुडघे टेकून डोळा पंखाच्या पातळीत आणला, आणि एका पट्टीच्या कडेवरून दुसऱ्या पट्टीची कड बघितली. पीळ असेल तर दोन कडा समांतर दिसत नाहीत, एका बाजूला पाचरीसारखी फट दिसते. डाव्या अंगाची फट बघितली, उठून दुसऱ्या बाजूला गेले, उजव्या अंगाची बघितली. मग मला बघायला बसवलं. दोन्ही फटी सारख्या होत्या.

“आता ह्येला काय बी चिकटवा,” ते म्हणाले.

बाकीचं काम भराभर सांगण्यासारखं आहे. फेविकॉल बाल्साला घट्ट धरतो, पण वाळल्यावर घासताना रबरासारखा राहतो. म्हणून वर घासायच्या जागी पिवळा गोंद आणि आतल्या जोडांना सायनो हा झटपट धरणारा गोंद वापरला. सायनोच्या वाफेनं डोळे चुरचुरतात, खिडकी उघडी हवी. घासणं हे वेगळं सुख आहे. लांब ठोकळ्याला पॉलिश पेपर लावून पंखाच्या पुढच्या कडेवरून हात फिरवला की लाकूड पिठासारखं उडतं आणि आकार बोटांना आधी कळतो, डोळ्यांना नंतर. वरचं आवरण म्हणजे उष्णतेनं चिकटणारी आणि आवळणारी फिल्म. छोट्या इस्त्रीनं आधी कडा चिकटवायच्या, मग मधला भाग तापवून सुरकुत्या काढायच्या. वरून पिवळा आणि खालून गडद निळा रंग निवडला, कारण लांबवर गेल्यावर विमानाची पाठ दिसतेय की पोट हे रंगावरूनच कळतं. जुनी ट्रेनरं मिथेनॉल, तेल आणि थोडं नायट्रोमिथेन यांच्या इंधनावर, 6.5 सीसीच्या इंजिनावर उडायची. आम्ही ब्रशलेस मोटर घातली, नाकाकडे दोन अंश खाली आणि दोन अंश उजवीकडे वळवून.

रेडिओवर मी फार रेंगाळत नाही, पण एक आठवण काढावीशी वाटते. अमेरिकेत मिशिगनमधल्या कॅलामझूच्या वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या भावांनी 1937 साली गफ नावाचं मॉडेल रेडिओवर उडवलं. व्हॅक्युम ट्यूब आणि जड बॅटऱ्या वाहून नेणारं ते विमान आज स्मिथसोनियनच्या संग्रहात आहे. माझ्या हातातला 2.4 गिगाहर्ट्झचा रिमोट शेजारच्या उडवणाऱ्याशी फ्रिक्वेन्सीवरून भांडत नाही, आणि संपर्क तुटला तर विमानातला रिसीव्हर मोटर आपणहून बंद करतो. त्या भावांना हे मिळालं असतं तर, असा विचार रिमोट सुरू करताना मनात येतो.

शेवटचं काम तोलाचं. पुढच्या कडेपासून 7 सेंटिमीटरवर पंखाखाली दोन बोटं लावून विमान उचलायचं. नाक किंचित खाली झुकलं पाहिजे. नाक जड असलेलं विमान आळशी उडतं, शेपूट जड असलेलं हाताबाहेर जातं. शेपटीत हलका माल घातल्याचा फायदा आता दिसला. बॅटरी थोडी पुढे सरकवली आणि तोल जमला, शिसं लागलंच नाही.

उडवायला जागा शोधणंही कामच होतं. 2021 च्या ड्रोन नियमांप्रमाणे विमानतळाच्या हद्दीपासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात 60 मीटर उंचीपर्यंत आणि त्यापलीकडच्या हिरव्या झोनमध्ये 120 मीटरपर्यंत परवानगी न मागता उडवता येतं. कोल्हापूरचा उजळाईवाडी विमानतळ शहराला लागूनच असल्यामुळे आम्ही लांबचा माळ गाठला. नकाशावर झोन बघून, जमीनमालकाला विचारून, आणि गुरं सुटायच्या आत, सकाळी सकाळी.

शिकवणारे सर वयानं माझ्यापेक्षा लहान. दोन रिमोट जोडलेले असतात, त्यांनी कळ सोडली की ताबा त्यांच्याकडे जातो. त्यांनी आधी बाबांना विचारलं, “काका, पंख कोणी बघितला?” बाबांनी नुसती मान हलवली. सरांनी मागे उभं राहून एकदा पंखाकडे डोळा लावला, मग विमान जमिनीवर ठेवलं. थ्रॉटल वाढवला. गवतावरून थोडं धावून विमान उचललं गेलं, आणि पहिल्या वळणानंतर सरांनी सपाटीला आणून स्टिक सोडून दिली.

विमान सरळ जात राहिलं. एलेरॉनला ट्रिमचे, म्हणजे बारीक दुरुस्तीच्या बटणाचे, दोन टकटक दिले असतील, तेवढेच. सरांनी मग मुद्दाम ते डावीकडे कलतं केलं आणि पुन्हा सोडलं. डावा पंख सावकाश वर आला. वर उंचीवर नेऊन मोटर जवळजवळ बंद केली, नाक वर धरलं, वेग संपत आला. विमान थरथरलं, आणि नाक सरळ समोर खाली गेलं. कुठल्याच अंगाला पडलं नाही. पाच मिलिमीटरच्या पाचरी तिथे, शंभर मीटरवर, काम करत होत्या.

“सुतात हाय,” बाबा म्हणाले. माळावर पंखाबद्दल ते बोलले ते एवढंच.

ताबा माझ्याकडे आला तेव्हा मला सगळ्यात कठीण गेलं ते समोरून येणारं विमान. आपल्याकडे तोंड केलं की त्याचं डावं ते आपलं उजवं होतं. सरांनी एकच सूत्र दिलं: जो पंख खाली दिसेल, त्या बाजूला स्टिक न्या, जणू त्याच्याखाली टेकू देताय. ते सूत्र मेंदूतून हातात उतरायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ हे विमान देतं. मी थबकले की ते वाट बघतं. कललं तर स्वतः सावरायला लागतं, तोवर माझा हात पोचतो. जुन्या जाणत्या लोकांनी नवशिक्यांसाठी ही भूमिती किती मायेनं ठरवली असेल, ते रिमोट हातात धरल्यावर कळलं.

आता घरात पुढच्या विमानाची तयारी सुरू आहे. या वेळी किट नको, नुसता नकाशा घ्यायचा आणि रिबा घरीच कापायच्या असं बाबांचं म्हणणं. प्लायचे दोन टेम्प्लेट करून मध्ये बाल्साचे तुकडे दाबायचे आणि सगळ्या एकदम घासून घ्यायच्या, पॅटर्न शॉपमधल्यासारख्या. मला कलाबाजी शिकायची आहे, त्यामुळे डायहेड्रल निम्म्याहून कमी आणि पंख वरून-खालून सारख्या गोलाईचा हवा. वॉशआउट ठेवायचा की नाही यावर अजून एकमत नाही. उलटं उडताना तो उलटाच काम करतो हे मी कागदावर काढून दाखवलं, त्यांनी कागद ठेवून घेतला आहे. पण खालून गोल असलेला पंख टेबलावर सपाट बसत नाही, त्याला पकडून ठेवणारी चौकट, म्हणजे जिग, लागते. म्हणून मागच्या आठवड्यात ते शिवाजी उद्यमनगरात जाऊन दोन सरळ स्टीलचे रॉड घेऊन आले. रॉड सुतात आहेत का, हे दुकानातच काचेवर घोळवून बघितलं, आणि दुकानदाराला तिसरा रॉड काढायला लावून त्यातले दोन निवडले.